हातांनी धरलेलं हृदय

भरती नुकतीच ओसरली आहे आणि तुमच्या बुटांना काळा चिखल लागला आहे. साल १८४२. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कॉरिब नदी जिथे गॉलवेच्या उपसागराला मिळते, त्या मुखाशी तुम्ही उभे आहात. पलीकडच्या काठावर गॉलवे शहर दिसतं: दगडी वाडे, व्यापाऱ्यांच्या वखारी, १५८४ सालची स्पॅनिश कमान. अलीकडे, शहराच्या तटाबाहेर, क्लॅडा ही कोळ्यांची वस्ती. गवताने शाकारलेली बसकी घरं जागा मिळेल तिथे उभी राहिली आहेत, त्यामुळे एकही गल्ली सरळ जात नाही. पाणथळ जमिनीतून कापून वाळवलेलं पीट इथे चुलीत जळतं. त्याचा धूर, डांबर आणि हेरिंग मासळी यांचा मिळून एक वास आहे, तो एव्हाना तुमच्या कोटात मुरला असेल.

तुम्ही इथे एका कामासाठी आला आहात. चौदा फेब्रुवारी जवळ आली आहे, कुणाला तरी अंगठी द्यायची आहे, आणि काचेमागे पाहिलेली एक अंगठी मनात भरली आहे: दोन हात, त्यांनी मिळून धरलेलं हृदय, हृदयावर मुकुट. हात मैत्रीचे, हृदय प्रेमाचं, मुकुट निष्ठेचा, एवढं दुकानदाराने सांगितलं होतं. ते खरंच आहे. पण अंगठी घेण्याआधी ती ज्यांच्या बोटात वाढली त्या माणसांना भेटून यावं, म्हणून मी तुम्हाला इथे पाठवलं आहे.

होड्या येताहेत. काळ्या डांबरी पोटाच्या, तपकिरी शिडांच्या. त्यांना हूकर म्हणतात. त्यांत एकाच होडीचं शीड पांढरं आहे. ती क्लॅडाच्या राजाची. हा राजाही कोळीच, पण वस्तीने निवडून दिलेला. मोसमाची पहिली हेरिंग कधी धरायची ते तो ठरवतो, त्याआधी कुणी जाळं टाकत नाही. भांडणं त्याच्या ओट्यावर मिटतात, शहरातल्या न्यायालयात फारशी जात नाहीत.

होडी काठाला लागते आणि पुरुषाचं काम तिथे संपतं. मासळी बायकोच्या ताब्यात जाते. विकणार ती, पैसे घेणार ती, घरात कशावर किती खर्च करायचा तेही तीच ठरवणार. या काळी क्लॅडात येऊन गेलेल्या प्रवाशांना या गोष्टीचं भारी नवल वाटलं आणि त्यांनी ती आवर्जून लिहून ठेवली.

एका बाईच्या मागोमाग कमानीजवळच्या बाजारात चला. अनवाणी पाय, लाल लोकरी परकर, खांद्यावर निळं पांघरूण. टोपली खाली ठेवून ती बसते आणि हेरिंग मोजायला लागते. तिचा हात नीट पाहा. बोटांवर मिठाने पडलेल्या चिरा आहेत, अंगठ्याला सुरीची जुनी खूण आहे. आणि बोटात तीच अंगठी आहे. सोन्याची, चांगली जाड. पण तळहाताच्या बाजूने वळं झिजून तारेसारखं बारीक झालंय. हृदयाच्या कडा गोल झाल्या आहेत. मुकुटाची टोकं एके काळी टोकदार असतील, आता नुसते उंचवटे उरलेत. सोन्याच्या दोन इवल्याशा पंजांच्या खाचेत एक रुपेरी खवला अडकलाय. ती तो नखाने काढून टाकते आणि पुढची मासळी मोजायला घेते.

एवढी झीज एका जन्मात होत नाही. ही अंगठी तिच्या आईची, त्याआधी आजीची. क्लॅडाची रीत अशी की लग्नाची अंगठी आईने जपायची आणि ज्या मुलीचं लग्न आधी होईल तिच्या बोटात घालायची. तिने पुढे तिच्या मुलीला द्यायची. लग्नं बहुतेक वस्तीतल्या वस्तीतच होतात, त्यामुळे अंगठीला फार लांब जावं लागत नाही. या घरांकडे जमीन नाही, कपाटं नाहीत, भांडी मोजकी. असल्या घरात ही एक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे, आणि तीही तिजोरीत न राहता रोज मासळीत बुडून.

तिला अंगठी विकत मागू नका. विकायची वस्तू असती तर ती टोपलीत असती.

*

आता शे-दीडशे वर्षं मागे. तीच नदी, पण तुम्ही आता तटाच्या आत आहात. साल साधारण १७००. गॉलवेने १६९१ मध्ये इंग्लंडच्या राजा विल्यमच्या फौजेपुढे हत्यार ठेवलं त्याला फार दिवस झालेले नाहीत. जुनी कॅथलिक घराणी खचली आहेत. गॉलवेवर शतकानुशतकं राज्य केलेल्या चौदा घराण्यांपैकी एक जॉयस, आणि त्यातला रिचर्ड जॉयस सोनारकाम करतो.

भट्टीपाशी जा. भात्याने निखारे फुलले आहेत, मुशीत सोनं वितळलं आहे. त्या काळचे सोनार लहानसहान ओतकामाला समुद्रफेस वापरत. माकुलाचं ते पांढरं, हलकं हाड मऊ असतं, त्यात नक्षी सहज दाबता येते आणि तापलेलं सोनं ते सोसतं. ओतीव अंगठी बाहेर येते तेव्हा ती ओबडधोबड असते. मग कानस, मग कोरणी. बोटांच्या फटी आखल्या जातात, मनगटाशी बाहीची किनार उमटते. शेवटी आतल्या बाजूला कारागिराचा ठसा बसतो. जॉयसचा ठसा म्हणजे त्याच्या नावाची आद्याक्षरं आणि जहाजाचा एक नांगर.

या माणसाबद्दल गॉलवेत एक गोष्ट सांगतात. जेम्स हार्डिमन यांनी १८२० साली गॉलवेचा इतिहास लिहिला त्यातही ती आहे. तरुण जॉयस वेस्ट इंडिजला जायला निघाला, वाटेत अल्जियर्सच्या चाच्यांनी त्याला पकडलं आणि एका मूर सोनाराला गुलाम म्हणून विकलं. तिथेच तो हे काम शिकला. १६८९ मध्ये राजा विल्यमने आपल्या प्रजाजनांची सुटका मागितली तेव्हा तो मोकळा झाला. मालकाने त्याला एकुलती एक मुलगी आणि अर्धी मालमत्ता देऊ केली. तरी तो गॉलवेला परतला. लोकांनी पुढे त्यात आणखी एक पदर जोडला: गावाकडे राहिलेल्या मुलीच्या आठवणीत त्याने अंगठी घडवली आणि ती मुलगी त्याची वाट पाहत थांबली होती.

इतका गोड शेवट लोकांनी जोडला असावा असं मला वाटतं, आणि त्यात बिघडलं काहीच नाही. जॉयसच्या ठशाच्या अंगठ्या आजही आहेत, हे मात्र निश्चित. एकमेकांत गुंतलेल्या दोन हातांची अंगठी त्याच्या कितीतरी आधीची. रोमन लोक लग्नात ती वापरत, मध्ययुगात ती युरोपभर पसरली. म्हणजे हात जुने आहेत. हृदय आणि मुकुट मागाहून आले आणि गॉलवेच्या सोनारांनी हे तिन्ही मिळून आपलंसं केलं. या घडणीत जुनेपणाचा मान हातांचा आहे, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट: त्या वेळच्या कित्येक अंगठ्यांच्या आतल्या बाजूला, ठशाशेजारी, नवराबायकोच्या नावांची आद्याक्षरं कोरलेली सापडतात.

*

१० नोव्हेंबर १८३६. डब्लिन. ओलसर थंडी आणि व्हाइटफ्रायर स्ट्रीटच्या कार्मेलाइट चर्चपाशी लोटलेली गर्दी.

मिरवणुकीत एक मोहोरबंद पेटी आहे. फादर जॉन स्प्रॅट हे इथले कार्मेलाइट, डब्लिनच्या गोरगरिबांत काम करणारे. आदल्या वर्षी ते रोमला गेले. त्यांची प्रवचनं तिथे इतकी गाजली की पोप सोळावे ग्रेगरी यांनी त्यांना भेट दिली: संत व्हॅलेंटाइनचे अवशेष, रोमच्या तिबुर्तिना रस्त्यावरच्या जुन्या दफनभूमीतून काढलेले. ते आज इथे पोचले आहेत, आर्चबिशप मरे यांनी त्यांचं स्वागत केलं आहे.

प्रेमिकांच्या दिवसाचा संत डब्लिनमध्ये विसावला आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. स्वतः डब्लिनही विसरलं. १८७१ मध्ये स्प्रॅट गेले, पेटी आतल्या खोलीत हलवली गेली आणि कित्येक दशकं तशीच पडून राहिली. विसाव्या शतकात चर्चची डागडुजी निघाली तेव्हा ती पुन्हा हाती लागली आणि तिच्यासाठी वेगळी वेदी बांधली गेली. आज चौदा फेब्रुवारीला त्या वेदीपाशी अंगठ्यांना आशीर्वाद देतात. लग्न ठरलेली जोडपी येतात, बोटातली अंगठी पुढे करतात. शेजारी एक वही असते, तिच्यात लोक आपलं मागणं लिहितात. नवरा गेलेल्या बाया लिहितात, एकटी माणसं लिहितात, कुणी आजारी बायकोसाठी लिहितं.

पण १८३६ च्या खेड्यापाड्यांत फेब्रुवारीचा अर्थ वेगळा होता. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या लेंटच्या उपासात लग्न लागत नसे, आपल्याकडे चातुर्मासात लागत नाही तसंच. त्यामुळे सहा जानेवारीच्या सणापासून लेंटच्या आदल्या मंगळवारपर्यंत लग्नांची झुंबड. मध्यस्थ घराघरांत फिरत, गाई आणि जमिनीचा हिशेब मांडत. ज्यांचं जमलं नाही त्यांची खैर नसे: लेंटच्या पहिल्या रविवारी चर्चला जाताना मुलं बिनलग्नाच्या माणसांच्या पाठीवर खडूने रेघा ओढत. आणि ऑक्टोबरच्या शेवटी, हॅलोवीनच्या रात्री, बार्मब्रॅक नावाच्या मनुकांच्या पावात अंगठी लपवून भाजत. ज्याच्या फोडीत ती निघेल त्याचं वर्षभरात लग्न. ती अंगठी कवडीमोलाची असायची, पण पाव कापताना टेबलाभोवती कुणीही बोलत नसे.

*

पुन्हा गॉलवे. साल १८४७. इथे मला तुम्हाला न्यावंच लागेल.

बटाट्यावर रोग पडून दोन वर्षं झाली आहेत. देशातली गरीब माणसं बटाट्यावरच जगत होती आणि तो शेतातच काळा पडून कुजला. १८४५ ते १८५२ या काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. तुमच्या मनात येईल, कोळ्यांना समुद्र आहे की. पण मासळी विकत घ्यायला कुणाकडे पैसा उरलेला नाही, आणि पोट भरायला पीठ हवं. ते विकत आणायचं तर काहीतरी गहाण ठेवायला हवं. आधी जाळी गेली, दोर गेले, शिडं गेली. मग होडी काठालाच राहिली, कारण समुद्रात न्यायला काही उरलं नाही. क्वेकर पंथाच्या लोकांनी जाळी सोडवून आणायला क्लॅडाच्या कोळ्यांना पैसे दिले, ही त्या वर्षांतल्या मोजक्या शहाणपणाच्या कामांपैकी एक गोष्ट.

गहाणवटीच्या दुकानात रांगेत उभे राहा. तुमच्या पुढची बाई अंगठी काढू पाहते आहे. निघायला त्रास होत नाही; बोट वाळून काटकी झालं आहे, अंगठी आपोआप सुटते. दुकानदार ती काट्यावर टाकतो. हात, हृदय, मुकुट, आतली चार पिढ्यांपूर्वीची अक्षरं, सगळं मिळून जे वजन भरेल त्याचे पैसे. सोडवून न्यायची मुदत टळली की सोनं आटवायचं. कितीतरी अंगठ्या अशा मुशीत परत गेल्या.

ज्या वाचल्या त्यातल्या बऱ्याच बोटीवर चढल्या. बॉस्टन, न्यू यॉर्क. अमेरिकेत आयरिश माणसाची ओळख म्हणून ही अंगठी पुढे जी घरोघर गेली, तिच्या मुळाशी हा प्रवास आहे. दुकानात तिच्यावर नुसती प्रेमाची खूण म्हणून चिठ्ठी लावलेली दिसते तेव्हा मला वाईट वाटतं, ते याच रांगेमुळे.

*

३ मे १९१६. डब्लिन, ग्राफ्टन स्ट्रीटवरचं एक सराफी दुकान. संध्याकाळ व्हायला आली आहे आणि सराफ दुकान बंद करायच्या बेतात आहे. तुम्ही आत कोपऱ्यात उभे राहा.

बाहेर शहराला जळकट वास येतो आहे. ईस्टरच्या सोमवारी, २४ एप्रिलला, ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या आयरिश बंडवाल्यांनी प्रजासत्ताक जाहीर केलं. शनिवारी ते शरण आले. आज पहाटे तिघांना किल्मेनम तुरुंगात गोळ्या घातल्या. त्यातला एक थॉमस मॅक्डोना.

दार उघडून एक तरुणी आत येते. तिला लग्नाची अंगठी हवी आहे. ती रडते आहे. सराफ विचारतो, काय झालं? ती सांगते: ज्याच्याशी लग्न आहे त्याला उद्या पहाटे गोळ्या घालणार आहेत.

ही ग्रेस गिफर्ड, अठ्ठावीस वर्षांची, व्यंगचित्रं काढणारी. मॅक्डोना तिच्या बहिणीचा नवरा होता. आणि ती ज्याच्याशी लग्न करणार आहे तो जोसेफ प्लंकेट, कवी, प्रजासत्ताकाच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सातांपैकी एक. त्याला क्षयाच्या गाठी आहेत. मानेवरच्या शस्त्रक्रियेची पट्टी तशीच बांधून तो बंडात उतरला होता. दोघांचं लग्न खरं तर ईस्टरच्या रविवारी व्हायचं ठरलं होतं.

ती अंगठी घेते, पैसे मोजते आणि जाते. अंगठी साधी आहे. तिच्यावर हृदय नाही, मुकुट नाही.

किल्मेनममध्ये तिला ताटकळत ठेवतात. मग तुरुंगाच्या छोट्या चर्चमध्ये नेतात. गॅसचे दिवे गेले आहेत, मेणबत्तीच्या उजेडात विधी चालतो. प्लंकेटला आणतात ते हातकड्या घालूनच. पाद्री सुरुवात करतो तेव्हा हातकड्या काढतात. शपथेच्या शब्दांखेरीज दोघांना काही बोलू देत नाहीत. साक्षीदार म्हणून सैनिकच सह्या करतात. तो तिच्या बोटात अंगठी घालतो. विधी संपतो, हातकड्या पुन्हा चढतात.

हात एवढाच वेळ मोकळे होते.

नंतर रात्री तिला त्याच्या कोठडीत दहा मिनिटं भेटू देतात. आत सैनिक उभे, एकाच्या हातात घड्याळ. चार मेच्या पहाटे प्लंकेट गेला. ग्रेसने दुसरं लग्न केलं नाही. १९२३ मध्ये यादवी युद्धात तिलाही त्याच तुरुंगात डांबलं, तेव्हा तिने कोठडीच्या भिंतीवर मेरी आणि बाळ येशूचं चित्र काढलं. १९५५ मध्ये ती वारली.

क्लॅडाच्या कोळिणीची अंगठी तीन पिढ्यांची, ग्रेसची अंगठी एका संध्याकाळची. तरी मला या दोन्ही एकाच घराण्यातल्या वाटतात. कुणी कुणाच्या बोटात घातली आणि घालणाऱ्याने त्यासाठी काय सोसलं, एवढ्यानेच दोघींचं मोल ठरलं. आयरिश अंगठीबद्दल मला तुम्हाला सांगायचं होतं ते हेच.

*

आता या, आजच्या गॉलवेत. क्लॅडाची गवती घरं १९३०च्या दशकात पाडली, जागी नगरपालिकेची पक्की घरं आली. नदीच्या मुखाशी हंस फिरतात. गावात सराफांची दुकानं आहेत, त्यातल्या डिलन यांच्या दुकानावर १७५० हे साल आहे.

काउंटरवर सगळं मांडलेलं मिळेल. हृदयाच्या जागी पाचू बसवलेली अंगठी, जन्मरत्नाची, मुकुट नसलेली तिची डब्लिनकडची बहीण. शेजारच्या खणात सेल्टिक गाठींची पेंडंट, संत ब्रिजिडचा लव्हाळ्याच्या घडणीचा क्रॉस, ओगम लिपीत नाव कोरलेल्या पट्ट्या. ओगमच्या उभ्या-आडव्या रेघांत दीड हजार वर्षांपूर्वी आयर्लंडात दगडांवर बहुधा माणसांची नावंच कोरली, तेव्हा कुणाचं नाव त्या लिपीत देणं हीही भेट चांगलीच. तरी तुम्ही अंगठीसाठी आला आहात. सोन्याची किंवा चांदीची, जी परवडेल ती घ्या. फक्त आतल्या बाजूला डब्लिनच्या तपासणी कार्यालयाची मोहोर आहे का ते भिंगातून पाहून घ्या. तिथल्या सोनारांच्या संघाला १६३७ पासून हा अधिकार आहे.

सराफीण तुम्हाला घालायची पद्धत सांगेल. उजव्या हातात, हृदयाचं टोक नखाकडे, म्हणजे मन मोकळं आहे. उजव्याच हातात टोक मनगटाकडे, म्हणजे कुणीतरी आहे. डाव्या हातात टोक नखाकडे, साखरपुडा. डाव्या हातात मनगटाकडे, लग्न. हा संकेत पुष्कळ नंतरचा आहे, क्लॅडाच्या बाईला तो कुणी विचारला नसता. पण पाळायला छान आहे, कारण त्यामुळे एकच अंगठी दोघांच्या सोबतीने वळत, हात बदलत जाते. नवी घ्यावी लागत नाही.

 मग मापाचा कागद पुढे येईल, आणि पाठोपाठ प्रश्न: आत काय कोरायचं?

पूर्ण नावं देऊ नका, तारीखही नको. दोन आद्याक्षरं पुरेत, देवनागरीतही चालतील. अक्षरं बारीक ठेवायला सांगा आणि ती ठशाच्या अगदी लगत, एका कडेला बसवायला सांगा. एवढी कडेला का, असं ती विचारेल. उरलेली जागा आमच्या मुलांसाठी आहे, म्हणावं, जिचं किंवा ज्याचं आधी जमेल त्याच्यासाठी.